वीस-वीस

वेल्डरने ग्राइंडरची वायर उलगडली आणि बास्केटबॉलच्या खांबाला शिडी टेकवली, तेव्हा सहा मुलींचा खेळ ऐन रंगात आला होता. तीन विरुद्ध तीन, रिंग एकच.

त्यांच्यातली उंच मुलगी घाम पुसत जवळ आली. "काका, काय करताय?"

"खांब काढायला सांगितलाय." त्याने मान वर केली नाही. "इथे गाड्या लावणार आहेत. मीटिंगमध्ये ठरलंय म्हणे."

"आम्हाला कुणी विचारलं नाही."

विचारलं तर त्यालाही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हा खांब त्यानेच रोवला होता. 'कॉलनी पडेल, पण हा हलायचा नाही,' असं छाती ठोकून सांगितलंही होतं. आता त्याच हातांनी कापायचा. नाही म्हणावं, तर कॉलनीची गेटं, जिने, गच्चीचे कठडे, सगळीच कामं दुसऱ्याकडे जाणार.

"निदान हा डाव तरी संपू द्या," ती म्हणाली. "वीस-वीस झालेत. एकवीसला संपतो."

एका पॉइंटचा तर प्रश्न. "बरं. डाव संपला की कापतो," म्हणून तो शिडीच्या खालच्या पायरीवर टेकला.

मुलींनी डोक्याला डोकं लावून काहीतरी खुसुरफुसुर केली. मग खेळ सुरू झाला.

पास. पुन्हा पास. डावीकडून उजवीकडे, मागे, परत पुढे. समोरच्यांनी चेंडू हिसकावला, तर त्याही तो रिंगपासून लांब घेऊन गेल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोरी दमल्या असतील, असं वेल्डरला वाटलं. इतक्यात सगळ्यांत धाकटी रिंगखाली एकटी सापडली. सवयीने तिचे हात वर गेले.

"नको!" बाकीच्या पाचही जणी एकदम ओरडल्या.

तिने घाबरून चेंडू पोटाशी धरला. वेल्डरच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. डाव कुणाला संपवायचाच नव्हता.

कॉलनीचे सेक्रेटरी जिना उतरून खाली आले. "अजून कापला नाहीत?"

"डाव चालू आहे, साहेब. संपला की कापतो. शब्द दिलाय."

"मग संपवा म्हणावं! एक बास्केट टाकायला असा किती वेळ लागतो?"

चेंडू या हातातून त्या हातात फिरत राहिला. सेक्रेटरींनी दोनदा घड्याळ पाहिलं, टाळ्या वाजवल्या, मुलींच्या मधोमध येऊन एकेकीच्या वडिलांचं नाव घेत दम दिला. पोरी ढिम्म. उजेड मात्र कुणासाठी थांबत नाही. हळूहळू चेंडू दिसेनासा व्हायला लागला.

"राहू दे. उद्या सकाळी आठला या," सेक्रेटरी वैतागून म्हणाले.

"उद्या मला जमायचं नाही."

"नका जमवू. दुसरा मिळेल."

मिळेल, हे वेल्डरलाही ठाऊक होतं. तो वायर गुंडाळायला लागला. तिचा गुंता होत राहिला आणि तो स्वतःशीच चरफडत राहिला.

मुली मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. उंच मुलीने उभ्या जागेवरूनच हाक मारली, "काका, खडू आहे?"

लोखंडावर खुणा करायचा खडू त्याच्या खिशात असायचाच. त्याने तो तिच्याकडे फेकला. तिने वाकून आपल्या दोन्ही बुटांभोवती रेघ ओढली आणि खडू शेजारणीला दिला. एकेकीने आपापले पाय आखून घेतले. उद्याचा डाव इथूनच पुढे.

शेवटी खडू धाकटीकडे आला. ती उकिडवी बसली, अर्धी रेघ ओढून थांबली आणि वर बघून म्हणाली,

"सेक्रेटरीकाका, पाय काढा ना. माझ्या जागेवर आलाय."