हिरवी टिक

नौबादचे गुरुराज मास्तर लेकीसाठी आलेली स्थळं फोनवरूनच दोघांच्या सामाईक क्लाउडवर चढवायचे. मनाला आली ती 'पसंत' फोल्डरमध्ये, बाकीची 'नको'मध्ये. पूर्णिमाचं रोजचं एकच, "मला लग्नच करायचं न्हाई, अप्पा. मी एकबी उघडून बघितलं न्हाई."

आज तिचा लॅपटॉप गच्च भरला. हात पिठात, म्हणून भाकरी थापता थापता तिनं स्वयंपाकघरातूनच अप्पांना कामाला लावलं. "ढगाचं चिन्ह आसंल ती फाइल सोडा. हिरवी टिक म्हंजे मी उघडलेली, तिची नक्कल लॅपटॉपात बसलीय. तेवढ्या नकला लॅपटॉपातनं काढून टाका. भिऊ नका, मूळ फाइल क्लाउडवर ऱ्हातीय."

मास्तर चष्मा सावरून एकेक फोल्डर बघत गेले. 'पसंत'मध्ये एकवीस फाइली, एकवीस ढग. 'नको'मध्येही सगळे ढगच, फक्त एक हिरवी टिक: पत्रिका जुळली नाही म्हणून बाजूला टाकलेला कडगंचीचा संकर्षण.

"अप्पा, झालं का?"


"नकला काढून टाकल्या गं. संकर्षणला तेवढं उचलून 'पसंत'मध्ये ठेवायलोय."