पाच प्रश्न

“आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत?” उदयने इंग्रजीत विचारलं आणि छोट्या टॉर्चचा उजेड मिहीरच्या डोळ्यांत टाकला.

मिहीरने बरोबर सांगितलं. समोरची टीम कुठली, हाफ कितवा, शेवटचा ट्राय करून गुण कुणी मिळवले, मागचा सामना कोण जिंकलं, तेही बरोबर. डोक्याला मार बसलेल्या प्रत्येक खेळाडूला हे पाच प्रश्न विचारायचे, हे रग्बी क्लबच्या डॉक्टरचं काम. आता खेळाडू आपलाच मुलगा निघाला, त्याला डॉक्टर तरी काय करणार!

तीन उत्तरं पठ्ठ्याने सकाळी गाडीत पाठ केली होती. उरलेली दोन आत येता येता फिजिओकडून काढून घेतली असणार. उदयला हे सगळं ठाऊक होतं. त्याला हेही ठाऊक होतं, की लीड्सच्या स्पेशालिस्टने मागच्या वेळी बजावलं आहे: आणखी एकदा मेंदूला धक्का बसला, तर रग्बी लीग कायमचं बंद. मिहीर एकोणतीस वर्षांचा होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

“आय अ‍ॅम फाइन, डॅड. लेट मी गो.”

उदयने टॉर्च बंद केला. त्याला विश्वास ठेवायचा होता.

ड्रेसिंग रूममध्ये शॉवरची वाफ साचली होती. वर स्टँडमध्ये लोक ओरडत होते, पण भिंतींतून खाली येईपर्यंत त्या आवाजातले शब्द गळून गेले होते. बाकावर भिंतीला टेकून बसलेला मिहीर छताकडे पाहून हसला.

“बाबा, हा समुद्राचा आवाज ना?”

उदयचा हात थांबला. शाळेत जायला लागल्यापासून मिहीर मराठीत एक वाक्य बोलला नव्हता. घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल, असं टीचरने सांगितलं आणि उदय-सुचेताने शहाण्यासारखं ऐकलं. बाबाचा डॅड झाला. पुढे कधी मराठीत हाक मारली, तर “व्हॉट?” एवढंच यायचं.

“आपण स्कारबरोला आलो?”

“हो रे राजा.” उदयच्या तोंडून निघून गेलं. मिहीर शाळेत जायच्या आधी ते सुट्टीत तिथल्या समुद्रावर जायचे.

“आई कुठंय?”

“वाळूत बसलीय. येईल आत्ता.” सुचेता वर स्टँडमध्ये होती. मिहीर पडला, की ती दोन्ही हातांनी डोळे झाकून बसायची.

“पाणी गार आहे का, बाबा?”

“गार आहे. खूप.”

उदयला इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच लाज वाटली. डॉक्टरला जे कळायचं ते पहिल्याच वाक्याला कळलं होतं. बापाला अजून दोन वाक्यं हवी होती.

दार ढकलून कोच टेरीने डोकं आत घातलं. “डॉक, पाठवतोस ना त्याला? तिकडे हाल चाललेत आमचे.”

मिहीर धडपडत उठायला लागला. उदयने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“नाही,” तो टेरीला म्हणाला. “अ‍ॅम्ब्युलन्स बोलव. आणि टेरी, आता कधीच नाही.”

 टेरीने दार हळूच लावून घेतलं. वर गलका उठला, खूप जवळ आला आणि मागे गेला.

“पाण्यात जाऊ या ना, बाबा.”

“जाऊ या. आधी बूट काढू.”

सामन्यात बूट सुटू नये म्हणून मिहीर लेसवरून चिकटपट्टीचे वेढे द्यायचा. उदय त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. नखाने चाचपत त्याने पट्टीचं टोक शोधलं, वेढे सोडवले, गाठ सोडली आणि चिखलाने जड झालेला बूट ओढून काढला.

मिहीरने दुसरा पाय आपणहून पुढे केला.