रंग उजेडात बघावा

"जरा इकडे तोंड कर," शेडमास्तर म्हणाला. बायकोनं टीव्हीकडची मान वळवून त्याच्याकडे केली.

नवा टीव्ही भिंतीवर चढला होता. त्याच्या शेजारी खुर्ची, खुर्चीत ती. सकाळी टीव्ही बसवून गेलेल्या माणसानं जाता जाता सांगितलं होतं, बाकी कशाच्या नादी लागू नका, माणसाचा चेहरा बघा. चेहरा खरा वाटला की समजा चित्र जमलं. मास्तरला ते पटलं. आता खरा चेहरा आणायचा कुठून, तर घरात तो एकच होता. म्हणून बातम्या देणारी बाई स्क्रीनवर आणि बायको स्क्रीनच्या बाजूला, असं दोघींना जोडीनं बसवून त्यानं रिमोट हातात घेतला.

रंगाच्या दुकानात त्याची उभी हयात शेड जुळवण्यात गेली होती. लोक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचे आणि तो नुसता बघून सांगायचा, यात काळा थेंबभर जास्त पडलाय. दुकान सुटलं तरी नाव शेडमास्तरच राहिलं. त्यामुळे स्क्रीनवरची बाई त्याला लगेच खटकली. फारच गुलाबी. मेकअप फासला असेल, असं बायकोचं मत पडलं, पण या बाबतीत मास्तर कुणाचं ऐकणारा नव्हता. त्यानं निळा एक घर उतरवला. निळा उतरला की पिवळा वर येतो.

खरं तर टीव्ही तिच्यासाठीच घेतला होता. पंधरा-वीस दिवस झाले, ती नुसती पडून असायची. दोन घासांत ताट सरकवायची. अंगाला खाज सुटते म्हणायची, आणि का म्हणून विचारलं तर पित्त. डॉक्टरचं नाव काढलं की कूस बदलून झोपायची. मास्तरला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचा. आधी गळका नळ झाला, मग दाराची कडी. जुन्या टीव्हीनं मात्र दाद दिली नाही, तेव्हा हा आणला. चित्र एकदा झकास आलं की ती उठून बसेल, दोन घास जास्त खाईल, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं. त्यात आज मुलगी येणार होती, महिन्याभरानं. तिच्यासमोर घर ठीकठाक दिसायला हवं होतं.

"अहो, उठू का मी?" बायकोनं विचारलं.

"बस जरा. थोडंच राहिलंय."

थोडं थोडं म्हणता बरंच झालं. जमलं जमलं म्हणावं, तिच्याकडे बघावं, पुन्हा स्क्रीनकडे बघावं, तर बाई अजून गुलाबीच. एवढी साधी गोष्ट आपल्याला जमू नये? शेवटी एकदाचे दोघींचे चेहरे जुळले, अगदी एका डब्यातून काढल्यासारखे. मास्तरनं हुश्श केलं.

तेवढ्यात मुलगी आली. चपला काढता काढता तिची नजर टीव्हीवर गेली आणि ती हसायलाच लागली.

"बाबा, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. डोळे तपासून घ्या तुमचे."

मास्तर दुखावला. "आईच्या चेहऱ्यावरून लावलाय रंग," तो म्हणाला. "हवं तर ताडून बघ."

तिनं ताडून बघितलं. एकदा टीव्हीकडे, एकदा आईकडे. मग तिचं हसू थांबलं.

"बल्ब," मास्तर घाईनं म्हणाला. स्क्रीनवर चकाकी नको म्हणून त्यानं खिडकीचे पडदे ओढून घेतले होते आणि वरचा जुना बल्ब लावला होता. पिवळट उजेडाचा. म्हणजे हा सगळा बल्बचा प्रताप. जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलं, रंग उजेडात बघा, दिव्याखाली फसाल, आणि म्हातारपणी आपणच फसलो. स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. त्यानं बल्ब बंद केला आणि जवळजवळ धावतच खिडकी गाठली.

पडदा सरकला. भर दुपारचा उजेड थेट खुर्चीवर पडला. मास्तर खिडकीकडे तोंड करूनच उभा राहिला. वळायला त्याला जरा वेळ लागला.

वळला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. मग सावकाश उघडले. डोळ्यांत पांढरं कुठेच नव्हतं. ही शेड मास्तर झोपेतही ओळखू शकला असता. नाव मात्र त्याच्यानं घेववेना.

मुलगी खुर्चीपाशी खाली बसली. आईचा तळहात उजेडात धरून बघायला लागली. कधीपासून असं आहे, तिनं हलक्या आवाजात विचारलं. रोज तर बघत होता मास्तर.

त्यानं रिमोट उचलला. दुसरं काही सुचेना म्हणून उचलला. निळा एक घर चढवला, मग आणखी एक. स्क्रीनवरची बाई हळूहळू बरी होत गेली. गालांवर गुलाबी आलं, डोळे स्वच्छ झाले, आणि ठणठणीत चेहऱ्यानं ती उद्याचं हवामान सांगायला लागली.

शेजारच्या खुर्चीत काही बदललं नाही.

"आता तरी उठू का?" बायकोनं विचारलं.

"ऊठ," तो म्हणाला. "चपला घाल."