दुप्पट वेग

हंगाम संपला की नव्या जपानी अ‍ॅनिमे मालिकांची परीक्षणांतून सालटी काढावी तर यानेच, असा त्याचा दबदबा होता. तीन महिन्यांत बावीस मालिका संपवायच्या, म्हणून तो सगळं दुप्पट वेगाने पाहायचा. पुढे सवयच जडली. बाबांचा दर रविवारी येणारा व्हॉइस मेसेजसुद्धा तो त्याच वेगाने उरकायचा.

या वेळी तो एका मालिकेवर तुटून पडला होता. तिच्या शेवटच्या भागात म्हातारा गुरू मरतो. 'अकरा भाग म्हातारा ठणठणीत आणि बाराव्यात खलास! आधी कुठे साधी चाहूल तरी द्यायची,' असं त्याने लिहिलं. वाचकांनी ते डोक्यावर घेतलं.

त्याच आठवड्यात बाबा गेले.

"दर रविवारी तुझ्याशी बोलायचे ना रे ते?" ताईने विचारलं. "तुला काहीच कसं कळलं नाही?"

"नाही गं. आवाज खणखणीत असायचा. उलट घाईतच वाटायचे."

ताईने त्याच्याच फोनवर शेवटचा मेसेज लावला. दोन शब्द ऐकून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वेग साधा करून मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.

"बाळा..." बाबा म्हणाले. मग कितीतरी वेळ नुसती धाप ऐकू येत राहिली. "...जेवलास का?"

त्याने फोन ओढून घेतला आणि तो एकेक मेसेज मागे जात राहिला. हंगामाच्या पहिल्या रविवारीही धाप होतीच.