व्हॉल्वमन जिलानी

त्या दुष्काळात लातूरला नळाचं पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही तासभरच यायचं. गल्लीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा व्हॉल्वमन जिलानी आज सकाळी लोखंडी चावी मांडीवर आडवी घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसला होता.

"चाचा, तुमच्या आतड्याचे दोन तुकडे तपासले," त्या म्हणाल्या. "एक गाठीचा, एक बाजूच्या चांगल्या अस्तराचा. चांगल्या अस्तरात पेशी वाढवणारी जनुकं काम झालं की बंद होतात. गाठीत ती चालूच राहिलीत."

"म्हणजे व्हॉल्व बंदच झाला न्हाई."

"हो. आणि आता ते फार पसरलंय."

जिलानीनं मान हलवली, फाईल पिशवीत घातली आणि पाळीच्या वेळेला गल्लीत जाऊन पाणी सोडलं. तास भरला तसा तो गुडघ्यावर हात टेकत पुन्हा व्हॉल्वच्या खड्ड्याशी बसला. समोरच्या कमरुन्निसा आपाची दुसरी घागर अर्धीच भरली होती.

"लावली का चावी, मुडद्या? बंद करायला लई हात शिवशिवतात तुझे. अल्ला बघून घेईल तुला."

वीस वर्षं त्यानं असल्या शिव्यांना उलट उत्तरं दिली होती. आज त्यानं चावी सावकाश, शेवटच्या पिळापर्यंत फिरवली.

"घेतलं बघून, आपा," तो म्हणाला. "एक व्हॉल्व माझ्याच पोटात हाय. तेवढा बंद करायचा राहून गेला."