सालीवरचा ओरखडा

नेवाडाच्या डोंगरात मेंढरांमागचा माझा पहिला उन्हाळा होता. घराच्या आठवणीनं जीव कासावीस झाला की युरोपातून आलेले आम्ही बास्क मेंढपाळ झाडावर आपल्या घराचं नाव कोरायचो. मीही ॲस्पनच्या पांढऱ्या सालीत चाकू खुपसून रोमन अक्षरांत 'हारानेआ' कोरलं. माझ्यासोबतचा म्हातारा मेंढपाळ गानिश हसला. "गाढवा, इतकं खोल कापलंस तर झाड सुजून सगळं गिळून टाकेल. नुसता ओरखडा काढायचा. आज दिसत नाही, पण काही वर्षांनी काळा होऊन उमटतो." मी चिडून मेंढरांकडे गेलो. तो मागेच रेंगाळला. आता इतक्या वर्षांनी, परवा नातीला घेऊन तिथं गेलो. माझ्या अक्षरांच्या गाठी झाल्या होत्या. शेजारी मात्र बारीक, काळंभोर 'हारानेआ' उमटलं होतं. "आजोबा, यातला 'एन' उलटा कसा?" मुळात मीच तो उलटा कोरलेला. गानिशनं माझं बघून एकेक अक्षर उतरवलं होतं. त्याला वाचता कुठं येत होतं.