सूर्यास्ताचा रकाना

"प्रत्येक गावापुढे सूर्यास्ताची वेळ द्या," सुनंदाबाई म्हणाल्या.

अभयकुमारने वहीत सातवी सूचना लिहून घेतली. १९९९ चा नोव्हेंबर होता, रविवारची सकाळ. जळगावातल्या त्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वेबसाइटचे दहा-बारा सभासद जमले होते. खानदेशातले प्रवासी या वेबसाइटवर एकमेकांसाठी माहिती लिहीत. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. आता तिच्यात नवीन काय हवं, ते ठरवायचं होतं. कुणाला फोटो हवे होते. धुळ्याच्या जीवरामना, कुठल्या स्टँडवरचा चहा पिऊ नये, याची यादी हवी होती.

"सूर्य बठ्ठा गावस्मा एकच शे ना, मॅडम!" जीवराम म्हणाले.

"सूर्य एकच आहे, जीवरामभाऊ. पण तुमच्या धुळ्याला तो जळगावपेक्षा तीन मिनिटं उशिरा मावळतो."

"म्हणजे आम्हले तीन मिनिटं जास्त काम!"

सगळे हसले. अभयकुमार हसला नाही. त्याला जतनकाकी आठवली होती.

आई गेल्यावर काकीनेच त्याला वाढवलं होतं. काकीचा चौविहार होता, जैनांचं व्रत. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. ती धुळ्याला माहेरी जायची, भडगावला लग्नकार्याला जायची. पण गेल्या तेरा वर्षांत बोदवडच्या पुढे, पूर्वेला, एकदाही गेली नव्हती. तिची मुलगी धनकुंवर कलकत्त्याला दिलेली होती. धनकुंवरची दोन बाळंतपणं झाली. दोन्ही वेळा काकीने डिंकाचे लाडू पाठवले, स्वतः गेली नाही. आता तिसरं होतं आणि डॉक्टरांनी धनकुंवरला झोपून राहायला सांगितलं होतं. रोज फोन येत होता. काकीचं उत्तर ठरलेलं होतं: "पूर्वेकडचा सूर्य मला कळत नाही. व्रत मोडेल."

वेळ छापून हातात दिली, तर हे कारण उरणार नव्हतं.

सुनंदाबाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. अक्षांश, रेखांश आणि तारीख दिली की वेळ मिळत होती. दुपारपर्यंत अभयकुमारने प्रोग्रॅम लिहिला.

"आधी एक ओळखीचं ठिकाण घालून बघ," सुनंदाबाई म्हणाल्या.

पूर्वेकडचं एकच ठिकाण त्याच्या ओळखीचं होतं. नऊ वर्षांचा असताना तो काकीबरोबर बिहारमधल्या सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेला होता. त्याने तीच तारीख घातली, १९८६ची कार्तिकी पौर्णिमा. जळगाव: पाच सेहेचाळीस. शिखरजी: चार अठ्ठावन्न.

"बरोबर," सुनंदाबाई म्हणाल्या. "एवढा फरक पडायलाच हवा."

अभयकुमार पडद्याकडे बघत राहिला.

त्या दिवशी काकी पहाटेच डोंगर चढायला गेली होती. 'तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि आज माझाही चौविहार,' असं त्याने तिला सांगितलं होतं. तो दिवसभर पुऱ्यांचा डबा घेऊन धर्मशाळेच्या पायरीवर बसला. आभाळ भरलेलं होतं. काकी उतरून आली तेव्हा त्याच्या मनगटावरच्या काकांच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. त्याच्या खिशात जळगावच्या पंचांगातून उतरवलेला कागद होता. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली. "काकी, अजून एकतीस मिनिटं आहेत!" तिच्याबरोबरच्या बायका हात जोडून न जेवताच आत गेल्या. काकीने आभाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग ती पायरीवर बसली आणि तिने डबा उघडला.

पूर्वेला सूर्य लवकर मावळतो, हे तो पुढे शाळेत शिकला होता. त्या डब्याशी त्याने ते कधी जोडलं नव्हतं.

तो घरी आला. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. शिखरजीची त्या दिवसाची आणि कलकत्त्याची आताची वेळ छापलेला कागद त्याने तिच्यासमोर ठेवला.

"काकी, शिखरजीला तू डबा उघडलास त्याच्या सतरा मिनिटं आधीच सूर्य मावळला होता. मी चुकलो. माझ्यामुळे तुझं व्रत मोडलं, आणि तुला कळलंही नाही."

काकीने कागद उचलला नाही. तांदळातला एक खडा बाजूला काढला.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "पाखरं झाडांवर बसली होती. सांगितलं असतं तर तू रात्रभर उपाशी राहिला असतास. हट्टी होतास."

"मग तेव्हापासून तू पूर्वेला..."

"तू बरोबर आला असतास. घड्याळ घेऊन. एखाद्या गावी सूर्य लवकर मावळताना बघितला असतास आणि तुला त्या दिवसाचा हिशोब लागला असता. तू मनाला फार लावून घेतोस, बेटा."

काकीने सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि तो कागद घेऊन नीट घडी केली.

"आता तुला कळलंच आहे," ती म्हणाली. "मग धनकुंवरला फोन लाव. म्हणावं, येतेय."